दार उघडं ठेवणारा डंकन

डंकनला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो आमच्या एसीखाली डोळे मिटून उभा होता. दोह्यातली जून महिन्यातली दुपार. कुत्रीसुद्धा गाड्यांखाली शिरलेली असतात अशा वेळी हा सहा फुटी, तांबड्या केसांचा गोरा माणूस डोक्यावर काळी छत्री धरून, सँडलमध्ये मोजे घालून, आमच्या खिडकीखाली ध्यान लावून उभा. मी काचेवर टकटक केलं. तो दचकला, छत्री सावरली आणि त्याच्या तोंडातून पहिला शब्द निघाला तो 'सॉरी'.

पुढे कळलं की त्याचं प्रत्येक वाक्य तिथूनच सुरू होतं. दाराला धक्का लागला तर तो दाराला सॉरी म्हणायचा. जिन्यातल्या मांजरीलाही म्हणायचा. आमचे हे म्हणत, "ह्याला आईने जन्माला घातलं तेव्हाही हा रडला नसेल, सॉरीच म्हणाला असेल."

त्या दिवशी त्याने मला सांगितलं की त्याचा एसी आणि आमचा एसी भांडतात. दोघांची घरघर जवळजवळ सारखी, पण अगदी एक नाही. त्यामुळे मधूनच एक तिसरा आवाज फुगतो आणि ओसरतो, फुगतो आणि ओसरतो. त्याला रात्रभर झोप नव्हती. मी इतकी वर्षं त्या एसीखाली पोळ्या लाटत होते, मला कधी काही ऐकू आलं नव्हतं. त्याने सांगितलं आणि माझी झोप गेली. मग त्याने आमच्या एसीच्या खाली रबराचे तुकडे सरकवले, दोन-चार स्क्रू आवळले, पुन्हा डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "आता बरं आहे. अजून पटत नाही त्यांचं, पण निदान शिव्या देत नाहीत."

ही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आम्ही नाशिकहून येऊन तोवर तिथे मुरलो होतो. आमचे हे, म्हणजे श्रीधर, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लँटवर इंजिनिअर. डंकन त्याच प्लँटवर काटे, मीटर, गेजेस सांभाळायचा. स्कॉटलंडचा होता, आणि कुणी त्याला इंग्लिश म्हटलं तर तेवढी एकच गोष्ट अशी होती जिला तो सॉरी न म्हणता उत्तर द्यायचा. आमच्या दोघांची दारं तळमजल्यावर समोरासमोर. तिथल्या मराठी मंडळातले सगळे मला वहिनी म्हणायचे म्हणून तोही वहिनी म्हणू लागला. ते माझं नाव आहे असं त्याला वाटत होतं. श्रीधरने अर्थ सांगितल्यावर तो गंभीर झाला. "म्हणजे भावाची बायको," तो म्हणाला. मग जरा वेळाने, "चालेल. सॉरी. आवडेल."

त्याच्या शर्टाच्या खिशात कायम आगपेटीची एक काडी असायची. तो विडी-सिगारेट ओढत नव्हता. काडी कशाला, असं विचारलं तर म्हणायचा, "लागते कधीकधी." आणि दुसरं म्हणजे त्याचं दार. ते कधी बंद नसायचं. बाहेर शमालचं, म्हणजे उत्तरेकडून धूळ आणणारं वारं सुटलेलं, हवेत पिवळी धूळ, खालून वरपर्यंत सगळी बिल्डिंग दारं-खिडक्या लावून बसलेली, आणि ह्याचं दार वीतभर उघडं, आत एसी चालू. धूळ त्याच्या घरातून माझ्या उंबऱ्यावर यायची. श्रीधर त्याला म्हणायचे, "अरे बाबा, सगळ्या कतारला थंड करायचा विचार आहे का?" तो लाल व्हायचा, सॉरी म्हणायचा, आणि दार तसंच. गंमत म्हणजे जिन्यात पाऊल वाजलं की हा दारात हजर. गॅसचं सिलिंडर आणणाऱ्या पोऱ्याला त्याचं दार कधी ठोठावावं लागलं नाही. मला वाटायचं, एकटा माणूस, बोलायला कुणी हवं असेल. माणसाच्या विचित्र वागण्याला आपण आपल्या सोयीचं कारण शोधून मोकळे होतो.

त्याच्या बाहेरच्या खोलीत मधोमध घोंगडीखाली झाकलेलं एक मोठं धूड होतं. चाकांवर उभं, साधारण आमच्या शिवणयंत्राएवढं पण जास्त रुंद. "काय आहे ते?" मी विचारलं. "जुनं सामान," तो म्हणाला. घोंगडीवर इतकी धूळ होती की माझ्याच्याने बघवेना. त्या काळी आमच्या घरात खोळीशिवाय काही नसे. टीव्हीला खोळ, मिक्सरला खोळ. पाहुणा जास्त वेळ बसला असता तर त्यालाही शिवली असती. माझी एक पोपटी साडी पदराला फाटली होती. मी टेप घेऊन गेले, घोंगडी बाजूला केली आणि मापं घ्यायला लागले. खाली पेटीसारख्या पट्ट्या होत्या, पिवळट पडलेल्या, आणि वर बटणं, खुंट्या, वायरी, टेलिफोन ऑफिसात असतात तसले जुने डायल. डंकन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून बघत होता. मी पट्ट्यांवर बोट ठेवणार तेवढ्यात म्हणाला, "नको, वहिनी. प्लीज." त्याच्या तोंडावर असं काही होतं की मी हात मागे घेतला. चोरीचा माल पकडला गेलेल्या माणसासारखा तो उभा होता. पोपटी खोळ मात्र त्याने घालू दिली.

त्या धुडाचं तोंड उघडलं ते आमच्या मंडळामुळे. मंडळ म्हणजे काय, पंधरा-वीस मराठी माणसं. शुक्रवारी सुट्टी, म्हणून शुक्रवारी सकाळी कुणाच्या तरी घरी जमायचं, खिडक्या लावून घ्यायच्या, आवाज बेताचा ठेवायचा आणि भजनं म्हणायची. पुण्यामुंबईची इंजिनिअर मंडळी असत आणि एकटे राहणारे ड्रायव्हर, वेल्डरही असत. त्यातला वेंगुर्ल्याचा सावंत म्हणजे आमचं भूषण. पाण्याचा टँकर चालवायचा आणि असा गायचा की मी आमटीखालचा गॅस बंद करायला विसरायचे. आमची पेटी मात्र दमट हवेने पार गेली होती. भाता फुसफुसायचा, निम्मे सूर मुके. वाजवणारे काका कायमचे सांगलीला परत गेले होते, आणि श्रीधर पेटी वाजवायचे म्हणजे पेटीशी कुस्ती खेळायचे.

एका शुक्रवारी ही कुस्ती चालू असताना दारात डंकन. तो बहुधा बराच वेळ तिथे उभा असावा, कारण त्याचा चेहरा दाढ दुखणाऱ्या माणसासारखा झाला होता. "सॉरी," तो म्हणाला, "पण हे थांबवता येईल का?" श्रीधरचे कान लाल. डंकनच्या लक्षात आलं की आपण काय बोललो, आणि तो त्याहून लाल झाला. मग वळला आणि गेला. थोड्या वेळाने चाकांचा आवाज आला. पोपटी खोळ घातलेलं ते धूड ढकलत तो आमच्या घरात घेऊन येत होता.

ते सुरू व्हायलाच अर्धा तास लागला. आधी तापावं लागायचं. तापेपर्यंत सूर चढत राहायचा, आणि डंकन खुंट्या पिळत, कान लावून, एखादं तापाचं मूल निजवावं तसा त्याच्याजवळ बसला होता. मग त्याने सावंतला खुणेने विचारलं, तुझा सूर कोणता? सावंतने 'सा' लावला. डंकनने एक पट्टी दाबली आणि धरून ठेवली.

मी काही गाण्यातली दर्दी नाही. पण तो आवाज मला अजून सांगता येईल. पेटीचा नाही, तंबोऱ्याचा नाही. खोल पाण्याखालून कुणीतरी ओठ मिटून गुणगुणतंय असा. त्याच्यावर सावंतने अभंग उचलला आणि खोलीतली सगळी माणसं ताठ बसली. मधेच एक काळी पट्टी खालीच अडकून राहिली. डंकनने न बघता खिशातली काडी काढली, पट्टीच्या फटीत घातली, उचकटली, काडी परत खिशात. काडीचं कोडं सुटलं. आम्ही त्याला पट्ट्यांची आपली नावं शिकवली, त्यामुळे त्यानंतर दर शुक्रवारी तो सुरुवातीलाच जाहीर करायचा, "काळी दोन आज आजारी आहे."

सावंत मला निघताना म्हणाला, "वैनी, ह्यो गोरो बोलता कमी, पण वाजवता बरो हां."

ते मशीन कुठून आणलं, हे कुणी विचारलं की डंकन म्हणायचा, "मी आणि एका मित्राने बनवलं." पुढे काही नाही. मित्राचं नाव कॅलम, एवढं मी एकदा काढून घेतलं. ते नाव घेताना तो खिडकीबाहेर बघत होता आणि खिडकीबाहेर फक्त पाण्याची टाकी होती.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल सांगायला हवं. श्रीधर मनाचे मोठे. पण त्यांना सत्काराची फार हौस. कुणी परीक्षा पास झालं, कुणाला बढती मिळाली, कुणी नुसतं सुट्टीवरून सुखरूप परत आलं तरी ह्यांच्या हाताला शाल-श्रीफळ आठवायचं. आणि सत्कार म्हटला की परिचय आला, आणि परिचय म्हटला की माणूस जेवढा आहे तेवढाच सांगून भागत नाही. आपल्याकडे सत्कारमूर्तीने निदान सातासमुद्रापार झेंडा तरी रोवलेला असावा लागतो. प्लँटच्या कँटीनमध्ये एका गोऱ्या साहेबाने ह्यांना सांगितलं की डंकन पूर्वी गाण्याच्या एका ग्रुपमध्ये होता, 'हार्बर क्लर्क्स' नावाच्या, आणि तो ग्रुप लंडनला टीव्हीवर झळकला होता. झालं. त्या दिवशी श्रीधर घरी आले ते तरंगतच.

"अगं, आपल्या समोर कोण राहतो माहीत आहे का तुला?"

"डंकन राहतो," मी म्हटलं.

"जागतिक कीर्तीचा कलावंत राहतो! आणि तू त्याला कालची आमटी देतेस."

आमच्यात सत्कारमूर्तीला आधी सांगतात. बिचाऱ्याला धुतलेला शर्ट घालता येतो, 'मी एवढा मोठा नाही' हे पाठ करता येतं. पण ह्यांनी सरप्राइज ठरवलं. शाल कपाटात होतीच, नारळ केरळी दुकानातून आणला. नेहमीप्रमाणे भजनं झाली आणि शेवटी श्रीधर उभे राहिले. पाहुण्याला कळावं म्हणून भाषण इंग्रजीत केलं आणि मंडळींसाठी मधून मधून मराठीत. डंकनला पुढे खुर्चीवर बसवलं. खांद्यावर शाल, हातात नारळ. तो आधी गोंधळून हसत होता. नारळ कसा धरायचा हे त्याला कळेना, म्हणून त्याने तो दोन्ही हातांनी मांडीवर धरला होता.

श्रीधर बोलत सुटले. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचा एक सामान्य कारकून. विजेच्या वाद्यांतून संगीताचं नवं विश्व निर्माण करणारा. लंडनच्या टीव्हीवर ज्याने ह्याच, ह्याच वाद्यावर बोटं ठेवली आणि समस्त युरोप डोलू लागला. टाळ्या. मी डंकनकडे बघत होते. टीव्हीचं नाव निघालं तेव्हा तो आधी लाल झाला, नेहमीसारखा. मग तो रंग उतरत गेला, आणि मी त्याचा चेहरा तसा पांढरा कधी पाहिला नव्हता. ह्यांना खुणेने थांबवायला मी मान हलवली. हे मला म्हणतायत, हो हो, संपवतोच. आणि संपवलं ते असं, की आता सत्कारमूर्तींनी दोन शब्दांत आपलं मनोगत व्यक्त करावं.

डंकन उभा राहिला. नारळ हातातच.

"सॉरी," तो म्हणाला. "मी तिथे नव्हतो."

मंडळी हसली. विनय समजली. पण तो थांबला नाही. निम्म्या लोकांना, सावंतला तर अजिबातच, त्याचं इंग्रजी कळत नव्हतं. "काय म्हणता तो?" सावंतने मोठ्याने विचारलं. आणि सूत्रसंचालक आमचे हे. त्यामुळे डंकन एक वाक्य बोलणार आणि श्रीधर त्याचं मराठी करणार, असं आपोआप ठरून गेलं. मघाशी ज्या तोंडाने झेंडे रोवले त्याच तोंडाने ते एकेक करून उपटायचे. मला त्या खोलीत बसवेना, आणि दाराजवळ इतक्या चपला होत्या की उठून जाताही येईना.

डंकनने जे सांगितलं ते असं. उत्तरेकडच्या एका मच्छीमारी गावात बंदराच्या ऑफिसात तिघं कारकून होती. तो, कॅलम आणि कॅलमची बहीण एल्सा. गावचं टेलिफोन ऑफिस बदललं तेव्हा टाकून दिलेले भाग आणि पाडलेल्या चर्चच्या ऑर्गनच्या पट्ट्या आणून दोघांनी कॅलमच्या घरामागच्या शेडमध्ये हे मशीन जोडलं. एल्सा गायची. पहिला कार्यक्रम मासळीच्या लिलावाच्या हॉलमध्ये झाला आणि शेवटपर्यंत फक्त फरशी पुसणारा थांबला होता. पण त्यांनी सोडलं नाही. गावोगाव बसने हिंडले. एक तबकडी निघाली, ती रेडिओवर वाजली, लोक त्या आवाजाबद्दल विचारायला लागले. मग लंडनहून बोलावणं आलं. मशीन तेव्हा डंकनच्या घरी होतं. सकाळच्या गाडीने निघायचं होतं. कॅलम आणि एल्सा त्याला घ्यायला आले आणि त्यांनी दार वाजवलं.

"आणि मी दार उघडलं नाही," डंकन म्हणाला.

श्रीधरने मराठी केलं, "आणि ह्यांनी... दार उघडलं नाही."

"का?" कुणीतरी विचारलं.

डंकनला ते मोठ्याने म्हणायची लाज वाटत होती. मग म्हणाला, "मी घाबरलो. इतके लोक बघणार, आणि मी चुकणार. मी आत टेबलाखाली बसलो होतो. कॅलम माझं नाव घेऊन हाका मारत होता. त्याला ठाऊक होतं मी आत आहे. गाडीची वेळ होईपर्यंत तो वाजवत राहिला."

ते दोघं मशीनशिवाय गेले. तिथे भाड्याचं वाद्य घेऊन वाजवलं. आवाज कुणाचाही असतो तसा झाला. पुढे तबकडी काढणाऱ्या कंपनीचा उत्साह गेला, मग एल्साही सोडून गेली. पण हे सगळं डंकनला ऐकून माहीत होतं. कारण मशीन परत द्यायचं तर कॅलमसमोर उभं राहावं लागलं असतं, म्हणून त्याने जे पहिलं दूरचं काम मिळालं ते पत्करलं आणि मशीन घेऊन तो कतारला आला.

एवढं सांगून त्याने खांद्यावरची शाल काढायला घेतली. हातात नारळ, त्यामुळे निघेना. श्रीधर "राहू द्या, राहू द्या" म्हणत ती परत पांघरवायला लागले. तो काढतोय, हे पांघरतायत. घेतलेला सत्कार परत कसा करायचा ह्याची आपल्याकडे काही रीत नाही. पुण्याच्या एक बाई कौतुकाने बघता बघता खाली मान घालून आपल्या बांगड्या मोजायला लागल्या. मला वाटलं, जमिनीने पोटात घेतलं तर बरं. लाज डंकनची होती, पण ती आम्ही त्याला शालीत गुंडाळून, टाळ्या वाजवून, चव्हाट्यावर आणली होती.

तेवढ्यात सावंत म्हणाला, "मगे पुढच्या शुक्रवारी येतलो मा वाजवूक?"

ह्याचं इंग्रजी करायचं धैर्य श्रीधरला नव्हतं. मी केलं. डंकनने सावंतकडे पाहिलं आणि तो मशीन तिथेच टाकून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या उंबऱ्यावर शाल घडी करून ठेवलेली, तिच्यावर नारळ. शाल ह्यांनी कपाटात अशा कोपऱ्यात सारली की परत दिसू नये. नारळाची मी चटणी केली, नारळाने काय पाप केलं होतं? पण श्रीधरने ती खाल्ली नाही. कितीतरी दिवस ते दाराबाहेर डंकनच्या पावलांचा आवाज आला की आत थांबायचे, तो गेला की निघायचे. "अहो, तुम्ही काय मुद्दाम केलंत?" मी म्हणायचे. "तेच तर," ते म्हणायचे. "मुद्दाम केलं असतं तर माफी तरी मागता आली असती."

मी समोरच्या दाराकडे मात्र वेगळ्या नजरेने बघायला लागले. वीतभर उघडं. धूळ आत, गारवा बाहेर. मी मुकाट्याने माझा उंबरा पुसायचे. त्या दारावर ज्याने ठोठावायला हवं होतं तो कुठे स्कॉटलंडात बसला होता आणि हा इथे वाळवंटात दार उघडं ठेवून बसला होता. डंकन शुक्रवारी यायला लागला, सावंतसाठी. पण आता तो खाली मान घालून वाजवायचा आणि संपलं की कुणी काही म्हणायच्या आत निघून जायचा.

अशीच एक-दोन वर्षं गेली. एका हिवाळ्यात श्रीधर ऑफिसातून आले ते सरळ समोरच्या दारात गेले. हातात इंग्रजी पेपर. कॉर्निशवरच्या, म्हणजे किनाऱ्याच्या रस्त्यावरच्या मोठ्या हॉटेलात गोऱ्या लोकांसाठी बाहेरून कार्यक्रम यायचे, त्यांची जाहिरात होती. गुरुवारी संध्याकाळी, समुद्राकाठच्या हिरवळीवर, 'हार्बर क्लर्क्स'. खाली फोटो. फोटोत एकटाच माणूस.

डंकनने पेपर वाचला आणि टेबलावर ठेवला. मग परत उचलून वाचला. "आता हॉटेलांमधून वाजवतो तो," तो म्हणाला. "दुसऱ्यांची गाणी. लोक जेवत असताना." त्याच्या आवाजात दया नव्हती. आपण काय करून ठेवलं हे तो वाचत होता.

"भेटायला जाणार ना?" मी विचारलं.

"तो दार उघडणार नाही, वहिनी."

"मग तुम्हाला कळेल कसं वाटतं ते," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं. श्रीधर माझ्याकडे बघत राहिले. डंकन मात्र, नवल म्हणजे, हसला. सॉरी न म्हणता म्हणाला, "खरं आहे."

बुधवारी दुपारी श्रीधर प्लँटचा पिकअप घेऊन आले. दोघांनी मिळून मशीन चढवलं, पोपटी खोळीसकट. मी डंकनची छत्री धरून मधे बसले. हॉटेलच्या मागच्या दाराने, भाज्यांच्या खोक्यांमधून, सामानाच्या लिफ्टने वर गेलो. वर लांबलचक कॉरिडॉर, पाय बुडतील असा गालिचा. डंकन कॅलमच्या खोलीच्या दारासमोर उभा राहिला. आतून टीव्हीचा आवाज येत होता. त्याने हात उचलला आणि तसाच ठेवला. मला वाटलं, आता हा पळतो. पण त्याने वाजवलं.

टीव्ही बंद झाला. मग बराच वेळ काहीच नाही. आत माणूस आहे हे आम्हाला कळत होतं, आणि आम्हाला कळतंय हे त्याला. डंकनने पुन्हा वाजवलं आणि स्वतःचं नाव सांगितलं.

दार उघडलं. बुटका, गळ्यात टॉवेल, कानांवरचे केस पिकलेले. फोटोपेक्षा पुष्कळ थकलेला. त्याने डंकनकडे पाहिलं, मग पोपटी साडीत गुंडाळलेल्या त्या वस्तूकडे, मग छत्री घेतलेल्या माझ्याकडे. डंकन म्हणाला, "सॉरी, कॅलम." जन्मभर वापरून झिजलेला शब्द, आणि खऱ्या वेळी त्याच्याजवळ दुसरा नव्हता.

कॅलमने खोळीवरूनच हाताने चाचपून मूठ शोधली, कुठे आहे ते त्याला बरोबर माहीत होतं, मशीन ओढून आत घेतलं आणि दार लावलं. कडी लागल्याचा आवाज आला.

श्रीधर भिंतीवरची आग लागल्यास काय करावे ही सूचना वाचायला लागले. डंकन दाराच्या पुढ्यात तसाच उभा होता, हात खिशावर. मग वळून मला म्हणाला, "तुमची खोळ आत गेली, वहिनी." मला रडू आलं. साडी फाटकीच होती.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर त्याने आपलं दार लावून घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी आमच्या दारामागे उभी राहून तो आवाज ऐकला आणि मला तो मुळीच आवडला नाही. मी श्रीधरना म्हटलं, आपण त्याला उगीच नेलं. श्रीधर म्हणाले, "ह्या माणसाचा आपण दोनदा सत्कार केला."

गुरुवारी मगरिबची बांग होऊन गेल्यावर आम्ही कॉर्निशवरून येत होतो. हॉटेलच्या कुंपणाशी श्रीधरने एकदम गाडी हळू केली. बाहेरच्या फुटपाथवर डंकन उभा होता. सूर्य मावळला होता तरी डोक्यावर छत्री उघडी. भिंतीपलीकडे हिरवळीवर दिवे, माणसांची कुजबुज, काटेचमचे. आणि त्या सगळ्याच्या खालून तो आवाज. मी काच खाली केली. दुसरं कसलंही वाद्य तसं बोलत नाही. डंकन मान खाली घालून, सत्काराच्या दिवशी उभा होता अगदी तसाच, ऐकत होता.

गाणं मधेच बिघडलं. एक सूर लागला तो लागूनच राहिला, निघेचना. "काळी दोन," श्रीधर पुटपुटले. पलीकडे लोक हसले. डंकनचा हात खिशाकडे गेला.

मग लाउडस्पीकरवर आवाज आला, कोरडा, थोडा घोगरा. ते इंग्रजी डंकनच्या इंग्रजीचं सख्खं भावंड होतं. "माफ करा मंडळी. हे मशीन म्हातारं आहे. ज्याने माझ्याबरोबर बनवलं तो ह्याच गावात राहतो. काल माझ्या दाराशी आला होता, मी दार लावून घेतलं." लोक पुन्हा हसले, गंमत समजून. आमच्या भजनाच्या खोलीत हसले होते तसेच. "ही पट्टी त्यालाच काढता येते. तो ऐकत असेल तर... फाटक उघडं आहे. मी काही हाका मारणार नाही. एकदा मारून झाल्यात."

तो अडकलेला सूर चालूच होता. डंकन हलेना. फाटक त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर होतं, उजेड त्यातून फुटपाथवर पडला होता. त्याने एकदा समुद्राकडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे, जिकडून पळता आलं असतं तिकडे. श्रीधर स्टिअरिंग आवळून बसले होते. "जा ना रे," ते मराठीत म्हणत होते, गाडीच्या आत, कुणाला ऐकू न जाणारं. "अरे, जा की!"

आणि तो गेला. आधी हळू, मग लांब लांब टांगा टाकत, खिशातली काडी हातात घेऊन. छत्री मिटायची त्याला आठवणच राहिली नाही. फाटकात ती अडकली, तेव्हा तो फाटकाला आणि दरवानाला दोघांनाही काहीतरी म्हणाला. काय ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण ऐकायची गरजही नव्हती. दरवानाने छत्री काढून घेतली आणि तो तांबड्या डोक्याचा उंच माणूस दिव्यांत शिरला. थोड्या वेळाने तो सूर सुटला. टाळ्या पडल्या, फार नाही, जेवणाऱ्या माणसांच्या पडतात तेवढ्या.

मी डोळे पुसले. श्रीधर अजून फाटकाकडेच बघत होते.

"शाल आणायला हवी होती गं," ते म्हणाले.

"गाडी चालू करा," मी म्हटलं.